मिस्त्री जॉइंट उकरतात

माझा जन्म गोवंडीचा. आईबाप जालन्याकडचे, पन मी काय ते गाव धड बघितलेलं न्हाय. बाप बिगारी, आई बिगारी, आन काय सांगू तुम्हाला ताई, माझी झोळी पन बांधकामाच्या परांचीला बांधलेली असायची, वरनं वाळू पडायची तोंडावर, आई सांगायची, तू रडायची न्हाईस, नुसती फूऽ फूऽ करून उडवायचीस. शाळा चौथीपर्यंत. नाव माझं कांता, पन एक शेजारीन सोडली तर ह्या नावानं हाक मारनारं आता कोन राह्यलं न्हाय. बिल्डिंगीत मी सुजाताची आई, कामावर मी जॉइंटवाली बाई, आन घरात, घरात काय, ते सांगते पुढं, आधी लग्नाचं सांगू द्या.

लग्न विहारात झालं, साधंच. नवरा लादी मिस्त्री. आपन मुंबईत लादीच बोलतो, टाइल्स बोलनारे वेगळे, ते बसवून घेनारे, आपन बसवनारे. उंच मानूस, मिशा ह्या अशा, राग इथं नाकावर, आन कपडे एकदम टापटीप. कामावर जाताना एक शर्ट, कामाचा वेगळा, संध्याकाळी कोपरापर्यंत हात धुनार, भांग पाडनार, मंगच बाहेर पडनार. मी चिडवायची, नवरदेव निघाले बघा परत. तर लग्नानंतर थोड्या दिवसांनी त्यांची बिगारी बाई गावाला गेली ती आलीच न्हाय, मला बोलले, चल तू. मी बोलले, अहो मला काय येतं लादीतलं? बोलले, यायचं काय त्यात, मी सांगेन तसं कर आन तोंड बंद ठेव. पहिलं जमलं, दुसरं काय मला जन्मात जमलं न्हाय.

ते लादी बसवायचे, मी दुसऱ्या दिवशी मागनं जॉइंट, म्हंजे दोन लाद्यांमधल्या फटी, भरत जायची. सफेद सिमेंट कालवायचं, फार पातळ न्हाय, फार घट्ट न्हाय, आन जुन्या स्लीपरचा तुकडा कापून त्यानं फटीत दाबायचं, दाबून दाबून भरायचं, वरवर फासायचं न्हाय. जुना जॉइंट दुरुस्त करायचा तर आधी तो उकरून काढायचा, आतपर्यंत, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्यानं, जुन्यावर नवा थर मारला तर तो चार दिवसांत पापडासारखा निघतो. आन सुरुवात नेहमी लांबच्या कोपऱ्यातनं करायची, मागं मागं सरकत दाराशी यायचं, म्हंजे भरलेल्यावर आपलाच पाय पडत न्हाय. तोंड कामाकडं, पाठ दाराकडं. लोक देवळातनं कसे देवाला पाठ न दाखवता मागं सरकत येतात, तशी मी लोकांच्या बाथरूममधनं बाहेर यायची, हसू नका, खरंच.

मी बाहेर आले की मिस्त्री दारात उकिडवे बसायचे. माल जरा ओढला, म्हंजे सुकायला लागला, की अंगठा फिरवायचे जॉइंटवरनं, डोळे मिटून. बरोबर असलं तर हं. बरोबर नसलं तर, उकर, परत भर. संपलं. आख्ख्या संसारात ह्या मानसानं मला चांगलं केलंस असं एकदा पन म्हटलं न्हाय. मी वाट बघायची हो. आज म्हनतील, ह्या कामाला म्हनतील. काय न्हाय, हं. मी बोलायची, तोंडाला सफेद सिमेंट लागलंय का तुमच्या? तर मिशीत हसायचे नुसते. मी पन त्यांना मिस्त्रीच बोलायची, कामावर सगळे बोलायचे तेच तोंडात बसलं. घरी पन तेच, मिस्त्री, जेवायला वाढू का. सासू चिडायची, अगं नवऱ्याला कोन मिस्त्री बोलतं? मी बोलायची, मंग काय बोलू, ओ मिशीवाले?

मुलगी एकच, सुजाता. तिला आम्ही लादीच्या कामाला हात लावू दिला न्हाय. शिकली, नोकरीला लागली, आता दहिसरला असते, जावई चांगला हाय, सासू जरा टोचून बोलते पन ते चालायचंच.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची झोपडी होती, ती पाडून तिथंच बिल्डिंग झाली, तर आम्हाला ही खोली मिळाली, सातव्या मजल्यावर. संडास-बाथरूम घरात! मी तर पहिल्या दिवशी नळ नुसता उघडबंद करत बसले. पन मिस्त्रींनी बाथरूमची लादी ठोकून बघितली, ठक ठक, सगळी पोकळ, खाली मालच न्हाय. बोलले, ह्या लादीवर मी आंघोळ करनार न्हाय. आन सगळी काढली. नवीन कुठनं आनली? आनली न्हाय. प्रत्येक कामावर एक-दोन लाद्या उरतात, मालक बोलतो घेऊन जा मिस्त्री, त्या सगळ्या आमच्या खाटेखाली जमलेल्या. सासू बोलायची, लोक खाटेखाली ट्रंका ठेवतात, हा दगडं ठेवतो. तर त्या लाद्या त्यांनी बसवल्या. काळी मुलुंडच्या डॉक्टरच्या घरातली, निळ्या फुलाची बोरिवलीच्या शिक्षिकाबाईंची, हिरवी भांडुपची, आन दाराजवळची पिवळी मरोळची. बाथरूम केवढं? दोन मानसं उभी राह्यली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. पन त्यात आख्खी मुंबई बसवली बघा. सगळी वेगवेगळ्या मापाची, म्हनून फटी कुठं बारीक तर कुठं बोटभर रुंद, म्हंजे सगळा भार जॉइंटवर. मला बोलले, तू भर. मी भरले. अंगठा फिरवला. हं. आपल्या घराला पन हंच!

खालच्या मजल्यावर, आमच्या बरोबर खाली, सावंतवहिनी. वेंगुर्ल्याकडच्या. झोपडीत पन आम्ही समोरासमोर होतो. तिचे मालक मिलमध्ये होते, मिल गेली, मंग वॉचमनची नोकरी केली, आता ते न्हाईत. ती आन मी, काय सांगू, सख्ख्या बहिनी काय असतील. भांडनार पन तशाच. तिच्या हातचं माशाचं कालवन माझ्या घरी यायचं, माझी भाकरी तिच्या घरी जायची.

आता ते दुखन्याचं सांगते. मरोळलाच दुसऱ्या एका घरी काम चाललं होतं, बाथरूम नवीन करायचं. मिस्त्रींनी लादी बसवली, मी जॉइंट भरले, सुकले, मंग मालकानं बादलीभर पानी ओतून बघितलं. बाथरूमच्या लादीला ढाळ द्यावा लागतो, म्हंजे उतार, पानी जाळीकडं गेलं पायजे. तर ते पानी जाळीकडं गेलंच न्हाय. ते निघालं दाराकडं. मिस्त्री दारात उभे, आन पानी त्यांच्या पायाकडं आलं, पाय भिजले, उंबरा ओलांडून हॉलमध्ये गेलं. मालक ओरडायला लागला, त्याचं चूक न्हाय हो, त्याच्या हॉलमध्ये पानी. पन मी त्याच्याकडं बघतच नव्हते, मी मिस्त्रींकडं बघत होते. ज्या मानसानं आयुष्यात कधी पान्याची पट्टी लावून लेव्हल बघितल्याशिवाय लादी ठेवली न्हाय, त्यानं उलटा ढाळ दिला होता. आन ते चिडले न्हाईत, आपल्या ओल्या पायांकडं बघत राह्यले, मंग माझ्याकडं बघून हळूच बोलले, हे पानी इकडं कामून येतंय गं?  तवाच मला कळलं काहीतरी गेलं हातातनं.

मंग दवाखाने. डॉक्टरीन बोलली, मेंदूचं हाय, विसरत जातील, हळूहळू मानसं पन विसरतील, औषध देते पन परत पहिल्यासारखं होनार न्हाय. सुजाता तिथंच रडायला लागली. मी न्हाय रडले. मला वाटलं, डॉक्टर लोक घाबरवतात. मला कोन विसरतंय? माझ्याशी रोज भांडल्याशिवाय त्यांना जेवन जात न्हाय.

त्यांचं काम बंद झालं, मी एकटीच जॉइंट दुरुस्तीची कामं घ्यायला लागले. कामं भरपूर. लोक काय करतात, बाथरूम पांढरं दिसायला अॅसिड ओततात, अॅसिड लादीला काय करत न्हाय, ते जॉइंट खातं. मंग खालच्याच्या घरी पानी गळतं, मंग भांडनं, सोसायटीत मीटिंगा, वरचा बोलतो माझं न्हाय, खालचा बोलतो मंग काय आकाशातनं पडतंय? मी मधे बसून उकरायची आन भरायची. मिस्त्री घरी एकटे, शेजारची पोरगी अधनंमधनं डोकावायची.

एक दिवस दुपारी मुलुंडहून काम करून आले, दार उघडलं, तर बाथरूममधनं आवाज, खर्र खर्र. हा आवाज मी झोपेत पन ओळखीन. बघते तर मिस्त्री खाली बसलेत, कामाचा शर्ट घातलेला, हातात ब्लेडचा तुकडा, त्याला मुठीकडनं फडकं गुंडाळलेलं, सगळं नीट, आन आख्ख्या बाथरूमचे जॉइंट उकरून काढलेले. चुरा पन कसा, पेपरावर एका बाजूला गोळा केलेला. मी डोक्याला हात लावला. बोलले, अहो मिस्त्री, काय केलंत हे? मिस्त्री वर न बघता बोलले, किती वेळ लावलास बाई, माल कालव. बाई बोलले मला. मी बोलले, उकरलंत कशाला? बोलले, कच्चे होते जॉइंट, कुनी भरले होते कोन जाने. कुनी भरले होते! मीच भरले होते!

मी काय करनार, पदर खोचला, माल कालवला आन बसले. कोपऱ्यातनं सुरू केलं, सरकत सरकत दाराशी आले. ते उकिडवे बसले, माल ओढेपर्यंत थांबले, अंगठा फिरवला. हं. मंग माझ्याकडं नीट बघितलं आन बोलले, तू नवीन दिसतेस, कुठची? मी बोलले, गोवंडीची. बोलले, लग्न झालंय? मी बोलले, झालंय. तर बोलले, मंग जा आता घरी, तुझी वाट बघत असतील. इतक्या मायेनं बोलले हो. माझ्या लग्नाच्या मानसानं मला सांगितलं, घरी जा. मी स्वयंपाकघरात गेले आन भाकऱ्या थापत थापत रडले, पिठात पडत होतं पानी.

मंग ते चालूच झालं. दोन-चार दिवस गेले की खर्र खर्र. ब्लेड लपवलं तर चमच्याच्या दांड्यानं, चमचा लपवला तर चावीनं. बाकी सगळं विसरले, सुजाताचं नाव विसरले, जेवलो का न्हाय ते विसरले, पन लादीवर हात ठेवला की बरोबर सांगायचे, ही भांडुपची, ही बोरिवलीच्या बाईंची, लय चहा पाजला त्या बाईंनी. आन खरं सांगू? मला बरं पन वाटायचं. तेवढा वेळ ते मिस्त्री असायचे. मी त्यांची बिगारी, ते माझे मिस्त्री, परत पहिल्यासारखं, मी काहीबाही टोमना मारायची आन मिशीत हसायचे. भरलेला जॉइंट सुकेपर्यंत आंघोळीला मी त्यांना खाली सावंतवहिनीकडं न्यायची, ती बोलायची, येवा मिस्त्री, घर तुमचाच आसा.

पन मी कामावर असले की भरनार कोन? ते उकरायचे, बाईची वाट बघायचे, बाई यायची न्हाय, मंग विसरायचे आन त्याच उघड्या फटींवर बादल्या ओतून आंघोळ करायचे. पानी कुठं जानार? वहिनीच्या घरी. आधी बाथरूमचं छत काळं पडलं. मंग आतल्या खोलीची भिंत. आन त्या खोलीत तिची सून बाळंतीन. एवढंसं बाळ, छातीत घरघर. वहिनी वर आली, रागानं न्हाय आली, रडत आली. बोलली, कांता, अगो तुझो घोव आजारी, माका कळता, पन माका सांग, मी काय करू? बाळाक ओलीत निजवू? मी खाली जाऊन भिंतीला हात लावला, हात ओला झाला. बाळ खोकत होतं. मला तोंड दाखवायला जागा राह्यली न्हाय.

सगळं करून बघितलं. एका फळीवर जुन्या लाद्या चिकटवल्या, मधे माल भरला, गॅलरीत ठेवलं, बोलले, घ्या मिस्त्री, हे उकरा. त्यांनी बघितलं, बोलले, ह्याला ना ढाळ ना जाळी, हे काय काम हाय? पोरांचं खेळनं हाय. उठले आन गेले बाथरूममध्ये. मंग एकदा मी बाथरूमला कुलूप लावून कामावर गेले. संडास घरातच वेगळा हाय, तो उघडा होता, पन त्यांना तो कुठं आठवतोय, त्यांना बाथरूमच माहीत. आले तर ते दाराला टेकून उभे, कडी धरून, पँट ओली, आन डोळ्यांतनं पानी. भांग पाडल्याशिवाय बाहेर न पडनारा मानूस हो माझा. ते कुलूप मी काढून टाकलं, परत लावलं न्हाय.

सेक्रेटरी बोलला, असंच चाललं तर तुमच्या खोलीचं पानी बंद करावं लागेल. सुजाता आली, बोलली, आई, वसईकडे एक ठिकाण बघितलंय, नीट सांभाळतात अशा माणसांना, तू एकटी किती दिवस करणार गं? आणि ते तुला ओळखतात तरी कुठे? पोरगी रडतच बोलत होती, तिच्यावर राग न्हाय माझा. पन मी बोलले, ते मला ओळखत न्हाईत, मी ओळखते ना त्यांना. तिथं गेले तर कोन त्यांना मिस्त्री बोलनार? काका बोलतील, आजोबा बोलतील. तिथं ही लादी असनार हाय का? पंधरा दिवसांत संपेल तो मानूस. सुजाता बोलली, मग गळती थांबव आई, नाहीतर दुसरा उपाय नाही. एवढंच होतं बघा, गळती थांबली तर ते घरात, न्हाय थांबली तर वसई.

आता नवीन माल आलाय, इपॉक्सी बोलतात. दोन डब्यांचा असतो, एकात दुसरा कालवला की भराभर दगड होतो. मुलुंडच्या टॉवरमध्ये मी तोच भरते. त्याला अॅसिड लागत न्हाय, पानी शिरत न्हाय, आन ब्लेड पन लागत न्हाय. मला माहीत होतं हो आधीपासनं. कामून भरला न्हाय इतके दिवस? आता काय सांगू. ते उकरायचे म्हनून तर मला हाक मारायचे.

सुजाताला बोलले, बाबांना दोन दिवस दहिसरला ने. ते गेले, आन मी बाथरूममध्ये बसले. उकरायचं काय कामच राह्यलं नव्हतं. त्यांनीच सगळ्या फटी उकरून ठेवलेल्या, कानाकोपऱ्यापर्यंत, एवढी साफ फट मला पन आली नसती. मी नुसती झाडली, सुकवली, माल कालवला. मुलुंडची काळी, बोरिवलीची निळी, भांडुपची हिरवी, सगळ्यांच्या मधनं भरत भरत, पुसत पुसत मागं सरकले, मरोळच्या पिवळीपाशी आले आन दाराबाहेर निघाले. दारात कोनी न्हाय. सवयीनं मागं वळून बघितलं मी. मंग माझाच अंगठा फिरवला.

ते परत आले. चप्पल काढली न काढली, सरळ बाथरूममध्ये. खिशात ब्लेडचा तुकडा होता, कुठनं मिळवला देव जाने. खाली बसले. ब्लेड लावलं, ते सरकलं नुसतं. परत लावलं, जोर केला, कपाळावर घाम आला. कोपऱ्यातला जॉइंट बघितला, जाळीजवळचा बघितला. चरा पन उठेना. मी दारात उभी. मंग त्यांनी ब्लेड बाजूला ठेवलं, डोळे मिटले, आन अंगठा फिरवायला लागले, लांबच्या कोपऱ्यापासनं, एक एक जॉइंट, मागं सरकत सरकत, माझ्या पायापाशी आले. बोलले, हं. उठले. कोपरापर्यंत हात धुतले. कामाचा शर्ट काढून दुसरा घातला, भांग पाडला, पिशवी खांद्याला लावली आन बाहेरच्या दाराशी जाऊन उभे राह्यले. बोलले, चल बाई, काम संपलं. आता घरी जायचं.

गळती थांबली. भिंत सुकली, वहिनीनं रंग लावून घेतला. घावने घेऊन वर आली, बाळाला घेऊन आली, बाळ बरं हाय आता, गुटगुटीत झालंय, मिस्त्रींच्या मांडीवर ठेवलं तर त्यांची मिशी ओढली त्यानं. वहिनी बोलली, कांता, तुझ्या हातांक यश आसा गो. मी हसले.  तिच्या बाळाचं भलं झालं ह्यात मला आनंदच हाय, खोटं न्हाय बोलत. पन त्या दिवसापासनं मिस्त्री बाथरूममध्ये बसले न्हाईत. ब्लेड हातात घेतलं न्हाय. दिवसभर खुर्चीवर बसतात, हात मांडीवर. ते हात असे रिकामे मी कधी बघितले नव्हते. लय जीवावर येतं बघायला. वाटतं, त्यांना घरात ठेवायला म्हनून मी जॉइंट भरले, आन भरून त्यांचं कामच संपवून टाकलं. कधी मनात येतं, एक जॉइंट, दाराजवळच्या पिवळीचा, काढून परत सफेद सिमेंट भरावं, त्यांच्यापुरतं. पन निघत न्हाय तो माल आता. लादी फुटेल, जॉइंट निघायचा न्हाय. आन खाली बाळ हाय.

तर आता काय होतं, संध्याकाळी ते तयार होऊन दाराशी उभे राहतात, घरी जायचं. सुरुवातीला मी सांगायची, अहो हेच आपलं घर, तर घाबरायचे, बोलायचे, लोकांच्या घरात किती वेळ थांबायचं, मालक काय म्हनेल. म्हनून आता मी पन चप्पल घालते. लिफ्टनं खाली जातो, गेटपर्यंत जातो, वॉचमन सलाम करतो, काय मिस्त्री, सुटलं का काम? हे बोलतात, सुटलं बाबा. बिल्डिंगीला एक चक्कर मारतो आन परत वर. दार उघडते. आत येतात, हातपाय धुवायला बाथरूममध्ये जातात.

परवा तिथंच थांबले. खाली बघत राह्यले, वाकले, अंगठा लावला. बोलले, बाई, हे जॉइंट कुनी भरले? मी बोलले, मी. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, आन बोलले, चांगला हात हाय तुझा. ताई, आख्खं आयुष्य मी हे ऐकायला थांबले होते. आन ऐकलं ते असं, परकी बाई होऊन.  ते बोलले, कुनी शिकवलं? मी बोलले, माझ्या मालकांनी. बोलले, हुशार असतील, कुठं हायत ते? माझ्या तोंडातनं निघून गेलं, कामावर गेलेत, येतील. तर त्यांनी मान हलवली, बोलले, लादीच्या कामाला उशीर होतोच गं, तू काळजी करू नको, त्यांचं ताट वाढून झाकून ठेव.

तवापासनं रोज दोन ताटं वाढते. एक त्यांच्या पुढ्यात ठेवते, एक झाकते, न्हाय झाकलं तर विचारतात, मालकांचं काढून ठेवलंस ना? त्यांचं जेवून होतं, हात धुतात, खाटेवर जाऊन बसतात. मंग मी त्या झाकलेल्या ताटावरची थाळी काढते आन जेवते.